टेम्पोचे पैसे वाचले, पण…

एकांकिका स्पर्धांचा सीझन जवळ आला की तालमीच्या हॉलमध्ये दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, ‘शेवटच्या एन्ट्रीला म्युझिक कोण देणार?’ आणि दुसरा, ‘गाडी कुणाची?’ पहिल्यावर तासभर वाद होतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र दोन मिनिटांत मिळतं. कुणाच्या तरी बाबांची हॅचबॅक ठरते, मागची अर्धी सीट आडवी पाडायचं ठरतं आणि टेम्पोचे पैसे वाचले म्हणून सगळा ग्रुप खूश होतो. पुरुषोत्तम असो, फिरोदिया असो नाहीतर विद्यापीठाचा युवा महोत्सव, हे चित्र काही बदलत नाही.

आम्हीही असेच खूश व्हायचो. एकदा बाहेरगावचा प्रयोग करून रात्री परत निघालो होतो. पुढे दोघं, मागे उरलेल्या एका सीटवर प्रॉपर्टी सांभाळणारी मैत्रीण. तिच्या शेजारी, आडव्या पाडलेल्या सीटवरून थेट डिकीपर्यंत आमचा संसार पसरलेला : दोन लोखंडी लाइट स्टँड, एक पेटी, पितळी समई, चहाची किटली, कॉस्च्युमच्या बॅगा. बांधलेलं काहीच नव्हतं. कशाला बांधायचं? दारं लागली होती ना!

हायवेवर एक दुचाकी अंधारातून अचानक आडवी आली. मित्राने कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण स्टँड थांबला नाही. तो आडव्या सीटवरून घसरत दोन पुढच्या सीटच्या मधून आला आणि डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमध्ये घुसला. मैत्रीण खिडकीला डोकं टेकवून झोपली होती, म्हणून तिला काही झालं नाही. तीच जर पुढच्या दोघांशी बोलायला मध्ये वाकलेली असती तर? दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जी चर्चा झाली ती मात्र स्क्रीनचे पैसे कुणी भरायचे यावर. हा ‘तर’ कुणी काढलाच नाही. मीही नाही.

आज तो काढतो, कारण नंतर कधीतरी बारावीचं फिजिक्स आठवून आकडे मांडून पाहिले होते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. या वेगाने मोकळी येणारी वस्तू आपल्यावर आदळणं म्हणजे साधारण १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, ती वस्तू डोक्यात पडणं. वेग दुप्पट झाला की उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे एक्स्प्रेस वेवर १०० च्या वेगाने जाताना मागच्या काचेजवळ ठेवलेला ब्लूटूथ स्पीकर बाराव्या-तेराव्या मजल्याच्या कठड्यावर ठेवलेला असतो असं समजा. तिथे तो कुणी ठेवला असता तर आपण खालून चाललोही नसतो.

अर्थात हा हिशोब गाडी धडकून जागीच थांबण्याचा आहे. नुसत्या ब्रेकमध्ये वस्तू एवढ्या वेगाने येत नाहीत, त्या घसरतात, गडगडतात. पण ते कमी धोक्याचं आहे असं नाही. अर्धी भरलेली पाण्याची बाटली घाटाच्या उतारावर पुढे गडगडत येऊन ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर ड्रायव्हरने काय करायचं? पेडल दाबलंच जात नाही. तुमची बाटली, तुमची कॅन, तुमची काढून ठेवलेली चप्पल, यातलं काहीही त्यासाठी पुरतं.

सीटबेल्टबद्दल आपण हल्ली थोडं तरी बोलतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता आणि ते दोघेही वाचले नाहीत. नियम त्याआधीपासूनच होता. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा आहे आणि न लावल्यास १००० रुपये दंड. पण त्या बातमीनंतर घरोघरी मागच्या सीटचे, गादीखाली गेलेले बक्कल शोधले गेले. माणसांबद्दल आपल्याला हे पटलं. सामानाबद्दल अजून पटायचंय. डिकीतली न बांधलेली वस्तू ही बेल्ट न लावलेला प्रवासीच असते, आणि वर ती लोखंडाची असते.

गंमत म्हणजे आपल्याला बांधाबांध येत नाही असं मुळीच नाही. बाइकवर सॅक बांधताना आपण रबरी दोरीचे तीन फेरे मारतो, हलवून बघतो, मग चौथा मारतो. रेल्वेत आई बर्थखाली बॅगेला साखळी घालते. एसटीच्या टपावर सामान जायचं तेव्हा त्यावर दोर आवळला जायचा. टेम्पोवाला तर बोलत बोलत अशी गाठ मारतो की आपल्याला उलगडता येत नाही. मग कारमध्येच काय होतं? वर छप्पर असतं, बाजूला काचा असतात. पडण्याची भीती नसते, चोरीची नसते, म्हणून आपण निर्धास्त. सामान बाहेर पडू नये एवढंच आपण बघतो. ते आत काय करेल हे बघत नाही.

बरं, करायचं काय? फार खर्चाचं काही नाही. सगळ्यात जड वस्तू सगळ्यात खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटून. मध्ये चार बोटांची जागा राहिली तरी धक्क्यात वस्तू तेवढं अंतर धावून येते आणि पाठीवर आपटते. युरोपातल्या नियमानुसार सीटच्या पाठीची चाचणी घेताना डिकीत १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात आणि टक्कर घडवतात. पाठ म्हणजे आपल्या आणि सामानाच्या मधली भिंत आहे. ती शक्यतो पाडायचीच नाही. मागे कुणी बसणार नसेल तरी पाठ उभी ठेवा आणि रिकाम्या सीटचे बेल्ट बक्कलमध्ये अडकवून टाका, भिंतीला तेवढाच आधार.

सामान सीटच्या पाठीच्या वर जाऊ द्यायचं नाही. मागच्या काचेखालची ती फळी, पार्सल ट्रे, सामान ठेवण्यासाठी नसतेच. तिथे छत्रीसुद्धा नको. किटली, वायरी, टूल्स अशा सटरफटर गोष्टींसाठी फळवाल्याकडे मिळतो तो प्लॅस्टिकचा क्रेट झकास. क्रेटखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा टाकला की तो घसरत नाही. उरलेल्या फटींमध्ये कॉस्च्युमच्या बॅगा आणि चादरी ठासून भरायच्या. घट्ट भरलेल्या डिकीत वस्तूंना पळायला जागाच राहत नाही. बऱ्याच गाड्यांच्या डिकीत कोपऱ्यांत कड्या किंवा हूक असतात. आपल्या गाडीत त्या आहेत का आणि किती वजन पेलतात, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. (हो, ग्लव्ह बॉक्समधलं ते पुस्तक उघडताही येतं.) कड्यांमधून टेम्पोवाले वापरतात तसा आवळायचा पट्टा घाला. बाइकची रबरी दोरी हलक्या बॅगांना ठीक आहे. लोखंडाला नाही. ती ताणली जाते, आणि तिचा हूक सुटला तर तोंडावर येतो.

सीएनजी गाडीचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे कितीतरी घरांत आता सीएनजीच आहे, आणि अनेक गाड्यांत डिकीची बरीचशी जागा टाकी खाते. मग सामान कुठे जातं? मागच्या सीटवर, मांडीवर, पायाशी. अशा गाडीत पाच माणसं आणि पाच जणांच्या सॅक मावत नाहीत, एवढं सरळ आहे. एक माणूस कमी करा किंवा सामान.

जॅक, स्टेपनी आणि लाल त्रिकोण या सगळ्याच्या तळाशी गाडू नका. निदान त्रिकोण तरी हाताला लागेल असा ठेवा, नाहीतर पंक्चर झाल्यावर रात्री हायवेच्या कडेला अख्खी डिकी उपसत बसाल. भरलेल्या गाडीत टायरमध्ये किती हवा हवी ते बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. आणि फ्लॅट मावत नाही म्हणून डिकीचं दार उघडं ठेवून, सुतळीने बांधून निघणारे वीर असतात, त्यांना एकच सांगणं : सायलेन्सरचा धूर त्या उघड्या दारातून आत ओढला जातो. मागे बसलेल्याला झोप येतेय असं वाटतं, ती झोप नसते.

पण हे सगळं करूनही आमच्या त्या दोन स्टँडचं उत्तर मिळत नाही. लांब, जड, लोखंडी वस्तू हॅचबॅकमध्ये सीट पाडल्याशिवाय जातच नाही, आणि सीट पाडली की भिंत गेली. तिथे पट्टा, क्रेट, योगा मॅट सगळं तोकडं आहे. अशा वस्तू आणि माणसं एका गाडीत घालायचीच नाहीत. त्यासाठी टेम्पो लागतो, आणि टेम्पोला पैसे.

हे पैसे मुलांनी वर्गणीतून काढावेत असं आम्हाला वाटत नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला जायचं तर कॉलेज आपल्याकडून काय काय मागतं? पालकांचं संमतीपत्र, हमीपत्र, आयकार्डच्या झेरॉक्स, परतीची वेळ. काही झालं तर जबाबदारी कुणाची नाही, ते नीट लिहून घेतात. पण ‘सामान कशातून नेताय?’ हा प्रश्न त्या फॉर्मवर नसतो. प्रवासखर्चात मुलांचं तिकीट बसतं, सेटचं भाडं बसतं आणि सेट नेणाऱ्या टेम्पोचं भाडं तेवढं ‘तुमचं तुम्ही बघा’मध्ये जातं. मग मुलं बघतात, कुणाच्या तरी बाबांच्या गाडीत. एनएसएसच्या शिबिराची फावडी-कुदळी आणि क्रिकेट टीमचे स्टंपही असेच जातात. सांस्कृतिक आणि क्रीडा विभागांनी हे भाडं बजेटमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून धरावं, ही मागणी मोठी नाही. करंडक आला की नोटीस बोर्डवर ज्यांचा फोटो लावता, त्यांच्यासाठी टेम्पोच्या एका फेरीचे पैसे काढता आले पाहिजेत.

तोवर, यंदाच्या टीमच्या बॅकस्टेजवाल्यांनो, हे काम तुमच्याकडेच येणार आहे. पत्र देताना तारखेसोबत टेम्पोचं कोटेशनही जोडा. तोंडी मागितलं की तोंडीच नाही म्हणतात. टेम्पो तीन-चार दिवस आधी सांगून ठेवा, शनिवार-रविवारी ते घर शिफ्टिंगमध्ये अडकलेले असतात. आणि कॉलेजने नाहीच म्हटलं, गाडीनेच जायची वेळ आली, तर निघण्याआधी मागे बसणाऱ्याला एकदा डिकी दाखवा आणि तिला किंवा त्याला ठरवू द्या की बसायचं की एसटीने यायचं.