इन्सुलिन फेकायला सांगणारा व्हिडिओ पुढे ढकलू नका!

सोलापूरच्या पूर्व भागातील बंधू-भगिनींनो, यंत्रमाग कामगारांनो, विडी वळणाऱ्या माय-माउल्यांनो,

गेल्या पंधरवड्यात आपल्या भागातल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. पांढरा कोट घातलेला कुणी माणूस ठणकावून सांगतो, "एकवीस दिवसांत शुगर मुळासकट बंद, इन्सुलिन कचऱ्यात टाका." खाली चूर्ण मागवायचा नंबर. आपल्याच एका विडी कामगार भगिनीने तो पाहून सुई बंद केली. काही दिवसांत ती बेशुद्ध पडली, साखर सहाशेच्या वर. आज ती अतिदक्षता विभागात आहे आणि घरच्यांनी दागिने गहाण ठेवले आहेत. तिला तो व्हिडिओ कुणी पाठवला? भिशीच्या ग्रुपवरच्या ओळखीच्या बायांनी. "चांगल्या मनाने पाठवला" हे उत्तर आता ऐकून घेतले जाणार नाही. खातरजमा न करता पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकावर या आजारपणाची जबाबदारी आहे.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला या देशात 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षांपासूनचा कायदा, आणि भोंदू आपल्या खिशातल्या फोनमध्ये राजरोस दुकान मांडून बसले आहेत! आयसीएमआरच्या पाहणीनुसार (2023) देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि आणखी 13 कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर आहेत. भोंदूंना एवढे मोठे गिऱ्हाईक आणखी कुठे मिळणार?

आमचे म्हणणे एकच आहे. ज्या फोनवरून खोटे शिकवले जाते, त्याच फोनवरून खरे शिकवायचे. आणि ते आपणच करायचे, आपल्या मराठीत आणि आपल्या तेलुगूत.

हे हवेतले बोलणे नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 पुरुषांवर प्रयोग केला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आहार-व्यायामाचे साधे एसएमएस नियमित पाठवले. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना. साधा एसएमएस! आज तर आपल्याकडे आवाज आहे, चित्र आहे, व्हिडिओ आहे, आणि आपण त्यावर काय पाहतो ते ज्याचे त्याला ठाऊक.

काही जण म्हणतात, "म्हाताऱ्यांना मोबाइल कळत नाही." मग तो व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला कसा? "आम्हाला वाचता येत नाही." म्हणूनच व्हॉइस मेसेज. विडी वळता वळता ऐकता येतो, हात मोकळे लागत नाहीत. "तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात." कारले खा, मेथी खा, कुणी अडवलेले नाही, डॉक्टरांना न विचारता गोळी-सुई बंद करू नका, एवढेच सांगणे आहे. "डॉक्टर सांगतातच की." ओपीडीच्या रांगेत दोन मिनिटे मिळतात. तेवढ्यात पायाची काळजी, सुई टोचायची जागा आणि भाकरीचे प्रमाण शिकून होत नाही.

पायाचेच घ्या. कोजागिरीला आपल्यातले कितीतरी जण तुळजापूरला अनवाणी चालत जातात. साखरेने नसा बधिर झालेल्या माणसाला चटका कळत नाही, खडा रुतलेला कळत नाही. घरी आल्यावर तळवा पाहिला की जखम दिसते, तोवर ती चिघळलेली असते. मागे एका मागवाल्या काकांचे बोट असेच गेले. देवीला भक्ताचा पाय नको आहे. चप्पल घालून चाला आणि रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून बघा.

आता कामाचे. आजपासून:

1. तो व्हिडिओ डिलीट करा. ज्यांना पाठवला त्यांना "चुकीचा होता, औषध बंद करू नका" असा मेसेज करा. लाज वाटू देऊ नका.
2. चूर्णाच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, मंडळात आणून द्या. अन्न व औषध प्रशासनाकडे एकत्र तक्रार करणार आहोत.
3. प्रत्येक गल्लीचा एक "शुगर ग्रुप". त्यावर फक्त अ‍ॅडमिन लिहील. रोज एक मिनिटाचा आवाजी संदेश, मराठी आणि तेलुगूत, डॉक्टरांनी तपासलेला. कुणाचेही रिपोर्ट ग्रुपवर टाकायचे नाहीत.
4. पहिले धडे: साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. इन्सुलिन फ्रीजरमध्ये ठेवू नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी चुकवू नका.
5. शंका आली तर ई-संजीवनीवर डॉक्टरांशी मोफत बोलता येते. ज्यांना जमत नाही त्यांना आमची मुले जोडून देतील.
6. तीस वर्षांवरील प्रत्येकाने जवळच्या आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी.
7. कॉलेजच्या पोरा-पोरींनो, रोज पंधरा मिनिटे द्या. आजीच्या फोनमध्ये गोळीच्या वेळेचा गजर लावून देणे हीसुद्धा सेवा आहे.

टाळेबंदीत बस-रिक्षा बंद असताना याच मंडळाच्या पोरांनी बर्फाच्या डब्यातून घरोघर इन्सुलिन पोचवले होते. मार्कंडेय महाराजांच्या रथोत्सवात पाणी वाटणारे, गड्ड्याच्या यात्रेत हरवलेली लेकरे शोधून देणारे हेच हात आहेत. तेव्हा कुणी आम्हाला सांगायला आले नव्हते आणि आताही आम्ही कुणाची वाट पाहत नाही. पण गल्ली-गल्लीत तुम्ही उभे राहिला नाहीत तर मूठभर कार्यकर्त्यांनी हे होणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता समाजमंदिरात या. फोन चार्ज करून आणा, घरातल्या मधुमेही माणसाला सोबत आणा. ग्रुप तिथेच सुरू होतील, पहिला संदेश तिथेच रेकॉर्ड होईल. येणार नसाल तर निदान एवढे करा: पुढच्या वेळी "शुगर मुळासकट बंद" म्हणणारे काही आले की ते तुमच्यापाशीच थांबवा.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते