आधी ओल, मग रंग

दसरा-दिवाळी जवळ आली की घराला रंग काढायची घाई सुरू होते. पण पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल तशीच ठेवून वर रंगाचे हात दिले, तर पुढच्या पावसात पोपडे सुटणारच. म्हणून आधी गच्ची, खिडक्यांवरचे छज्जे आणि बाथरूममधल्या फरशीचे सांधे तपासा. गळती थांबवा, भिंत वाळू द्या. नवा गिलावा केला असेल, तर त्यावर किमान ७ दिवस पाणी मारा आणि रंगाआधी तो पूर्ण सुकू द्या. सणाआधी हे जमत नसेल, तर रंग पुढे ढकला.

दुसरी विनंती, जुनं ते सगळं टाकाऊ समजू नका. आजीचं सागवानी कपाट पॉलिशनं उजळतं, मोझॅकची फरशी घासून घेतली की पुन्हा चकाकते. भिंत पाडायची असेल, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची परवानगी हवीच. कारण तिच्यावर वरच्या मजल्यांचा भार असू शकतो.

घर आधी कोरडं, भक्कम आणि हवेशीर असावं, मग देखणं. या अंकातले लेखही आम्ही त्याच क्रमानं लावले आहेत.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

– संपादक