उशिरा, पण पायी

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी आमच्या वडोदऱ्यात अर्धमॅरेथॉन पूर्ण केली. अंतर २१.०९७५ किलोमीटर, मुदत साडेतीन तासांची.

रक्तातील साखर वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हापासून सहा महिने मी पहाटे कमाटीबागेत फेऱ्या घालीत होते. दर रविवारी अंतर थोडे थोडे वाढविले. हिशेब सरळ होता. ताशी सहा किलोमीटर चालले, तरी मुदत मिनिटभराने हुकणार. म्हणून दहा मिनिटे चालणे आणि एक मिनिट हळू धावणे, असा क्रम ठरविला.

प्रत्यक्षात मात्र आरंभीच तरुण मंडळींच्या नादाने धावत सुटले आणि तिसऱ्या किलोमीटरलाच धाप लागली. पुढे सतराव्या किलोमीटरपाशी पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. मागून मोटार आली. "बसता का?" चालकाने अदबीने विचारले. खरे सांगते, हात दारापर्यंत गेला होता. इतक्यात पाण्याचा पेला पुढे करीत एक गुजराती मुलगी म्हणाली, "मासी, हवे थोडुंज छे!" मी हात मागे घेतला.

३ तास २६ मिनिटांनी पोहोचले, तेव्हा मंडपाच्या कनाती उतरत होत्या. घरी नातीने विचारले, "आजी, पहिली आलीस?"

"नाही गं, शेवटून चौथी. पण माझ्या पायांनी आले."

तेव्हा भगिनींनो, डॉक्टरांना विचारून उद्या पहाटे निघा. आरंभी मात्र धावू नका.