विरजणाचा शेजार

लष्करातल्या जुन्या मराठी वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना एक गोष्ट खचित आठवत असेल. घरातले विरजण संपले किंवा बिघडले, की हातात वाटी देऊन पोराला शेजारी पिटाळीत. वाटीत चमचाभर दही येई आणि त्याबरोबर एखादी सूचनाही येई. दूध फार कढत असताना लावले असेल. थंडीचे दिवस आहेत, भांडे गोधडीत गुंडाळून ठेवा. 1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे कायमची पडली आणि तिच्यामागोमाग आपले पूर्वज या मुलखात आले. मुलूख परका, पाणी परके, उन्हाळा तर अंगावर येणारा. अशा ठिकाणी संसार मांडताना शेजाऱ्याकडे मागायच्या वस्तूंत विरजणाचा क्रमांक वरचा असणार, असे आम्हांला नेहमी वाटते.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते मात्र भलत्याच देशात आणि भलत्याच पदार्थाचे. 2023 च्या सप्टेंबरात आम्ही अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहरी, पुतण्याकडे राहायला गेलो होतो. एका शनिवारी सकाळी तो काचेची रिकामी बरणी घेऊन निघाला आणि म्हणाला, "काका, येताय का? विरजण आणायला चाललोय." आम्ही आनंदाने चपला घातल्या. पाहतो तो चिरंजीव आम्हांला घेऊन शिरले एका ब्रू-पबात! ब्रू-पब म्हणजे जेथे बिअर मागच्या खोलीत तयार होते आणि पुढच्या खोलीत जेवणाबरोबर मिळते, अशी खाणावळ. तेथल्या बिअर करणाऱ्या गृहस्थाने मोठ्या टाकीच्या तळातले दाट, दुधट यीस्ट बरणीत भरून दिले. पैसे घेतले नाहीत. एवढेच विचारले, की मागच्या खेपेची कशी झाली? पुतण्या घरी स्वतः बिअर करतो, ही बातमी आम्हांला अशी कळली.

वाचकहो, आम्ही मद्य घेत नाही. आमच्या घरात त्या शब्दाचा उच्चारही होत नसे. त्यामागे कारण होते. आमचे एक चुलत काका गुपचूप पीत. कोठून आणीत, काय पीत, कोणी विचारले नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी गेले तेव्हा घरातल्यांनी "पोटाचा विकार" असे सांगितले आणि आजही तेच सांगतात. तेव्हा त्या दुपारी आमच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आपण करू शकाल. तोंडावर आलेले चार शब्द आम्ही गिळले आणि ठरवले, की आधी पाहावे, मग बोलावे.

पाहिले ते असे. सातूला, म्हणजे जवाला, मोड आणून तो वाळवलेला असतो. त्याला माल्ट म्हणतात. तो भरडून सुमारे 66 अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवला, की धान्यातल्या पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून तासभर उकळतात आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालतात. कडवटपणा व सुवास त्यांचा. मग रस झपाट्याने निववून त्यात यीस्ट सोडायचे. एका खेपेला सुमारे 19 लिटर. एक-दोन आठवडे आंबवण, मग चिमूटभर साखर घालून बाटल्या बंद, आणि पुन्हा दोन आठवडे धीर. यातले निम्मे कष्ट भांडी निर्जंतुक करण्यात जातात. आमच्या आजीचे सोवळे पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटले नाही.

सामान आणायचे दुकान तर पाहण्यासारखे. पोर्टलंडचे एफ. एच. स्टाइनबार्ट हे या धंद्यातले अमेरिकेतले फार जुने दुकान, 1918 साली निघालेले. आपल्या ग्वाल्हेरीत भातखंडे आणि माधवराव शिंदे महाराज यांनी माधव संगीत विद्यालय सुरू केले तेच वर्ष. अशा दुकानात गिऱ्हाईक नुसते सामान घेऊन जात नाही. धान्य भरडून घेता घेता गल्ल्यावरच्या माणसाला आपली अडचण सांगतो, मागे उभा असलेला तिसराच कोणी उत्तर देतो, आणि अशा रीतीने नवख्याला त्या गावातले आपले सवंगडी सापडतात. आमच्या पुतण्याला त्याचे मंडळ असेच सापडले.

त्या मंडळींच्या एका बैठकीला आम्ही जाऊन बसलो. प्रत्येकाने आपली बाटली आणलेली. बाटलीवर नाव नाही, फक्त अंक. परीक्षक 50 पैकी गुण देतात: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5 आणि एकंदर ठशाला 10. ही पद्धत तिकडे 1985 पासून परीक्षक तयार करणाऱ्या एका संस्थेने घालून दिली आहे. पुतण्याची बाटली आली तेव्हा पेला आमच्याही नाकाशी आला. आम्ही अभावितपणे म्हणालो, "अरे, हा तर लोण्याचा वास!" पुतण्या चमकला, कारण परीक्षकाच्या कागदावर तेच उतरले होते. डायअसिटिल नावाचे द्रव्य लोण्याला त्याचा वास देते. तेच बिअरमध्ये राहिले तर दोष. यीस्टला आपले काम पुरे करू न देता घाईने बिअर थंड केली, हे त्याचे कारण. 50 पैकी 24 गुण. पोराने तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या खेपेला तीन दिवस अधिक थांबला.

मात्र तेथेही हे सहजासहजी घडलेले नाही. 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी द्राक्षाची वाइन करण्यास मोकळीक मिळाली, परंतु बिअर वगळली गेली. पंचेचाळीस वर्षे लोक चोरून करीत आणि कोणी कोणाला विचारीत नसे. 14 ऑक्टोबर 1978 रोजी अध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा कोठे एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर, एवढी बिअर घरच्यासाठी करण्याची मुभा झाली. अट एकच, ती विकायची नाही. त्याच वर्षी कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पपेझियन व चार्ली मॅट्झेन यांनी घरी बिअर करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना काढली. मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी तर 2013 साली परवानगी दिली. ब्रिटनने घरच्या बिअरवरचा परवाना 1963 सालीच काढून टाकला होता. ऑरेगॉनात 1985 साली ब्रू-पबांना कायद्याने वाट मिळाली. परंतु 2010 साली तेथल्या अबकारी खात्याने कायद्याचा अर्थ असा लावला, की घरची बिअर घराबाहेर पिता येत नाही. झाले! राज्याच्या जत्रेतली स्पर्धा रद्द झाली, मंडळांच्या बैठका अडल्या. 2011 साली कायदा दुरुस्त करावा लागला. सरकारच्या ध्यानात आले, की करणे आणि एकमेकांना चाखवणे या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

आमचे सांगणे नेमके येथे येऊन ठेपते. कोणतीही विद्या उघड्यावर, चार जाणत्यांच्या समोर आली, की सुधारते. आडपडद्यात राहिली, की कुजते. ग्वाल्हेरीच्या माणसाला हे संगीताच्या उदाहरणाने लवकर पटावे. चिजा पेटीत कुलूप लावून ठेवणाऱ्या उस्तादांबरोबर किती चिजा मेल्या याची गणती नाही. भातखंड्यांनी त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि छापल्या म्हणून सामान्य घरातल्या मुलांना गाणे मिळाले. कॅलिफोर्नियातील चिको गावी केन ग्रॉसमन या तरुणाने 1976 साली घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान काढले; चार वर्षांत तेथूनच सिएरा नेवाडा ही मोठी ब्रूअरी उभी राहिली. दुकान, मंडळ, ब्रू-पब आणि कारखाना ही एकाच ओटीवरची माणसे आहेत, आणि ती एकमेकांना विरजण देतात.

आता आपल्या दारातले पाहू. जानेवारी 2021 मध्ये आपल्या शेजारच्या मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने वीसांहून अधिक माणसे मेली. अशा मृत्यूंमागे बहुधा मेथिल अल्कोहोल असते, कारखान्यात वापरायचे विष. धान्य आंबवून केलेली बिअर बिघडली तर आंबते, फार तर बाटली फुटते. तिने कोणी आंधळा होत नाही. ऊर्ध्वपातन करून मद्य गाळणे ही निराळी गोष्ट, आणि अमेरिकेच्या 1978 च्या कायद्यानेही घरी गाळण्यास परवानगी दिलेली नाही. आंबवणे आणि गाळणे यांतला हा भेद आपल्याकडे किती सुशिक्षितांना ठाऊक आहे? विषयच वर्ज्य, तेव्हा ठाऊक कसा असणार? आमच्या काकांना तरी कोणी सांगितले असेल काय, की ते काय पीत आहेत?

कित्येक वाचक म्हणतील, की दारूची वाट ती दारूचीच. आज छंद, उद्या व्यसन. हे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. आपल्या घटनेच्या 47 व्या कलमाने मद्यनिषेधाचे ध्येय राज्यांपुढे ठेवले आहे, आणि ज्यांच्या घरात व्यसनाने राख केली त्यांच्यापुढे आम्ही छंदाचे गोडवे गाणार नाही. त्या बैठकीतही दोन माणसे चाखण्याच्या निमित्ताने प्रमाणाबाहेर गेलेली आम्ही पाहिली. पण तीही सर्वांच्या देखत गेली. एकाच्या हातातला पेला त्याच्याच मित्राने काढून घेतला आणि त्याला घरी पोचवले. आमच्या काकांचा पेला काढून घेणारे कोणी नव्हते, कारण तो कोणी पाहिलाच नव्हता.

कायदा काय सांगतो? मद्य हा विषय घटनेने राज्यांकडे सोपवला आहे. आपल्या राज्यात 1915 चा अबकारी कायदा चालतो आणि परवान्यावाचून घरी बिअर करणे गुन्हा आहे. तो कोणी करावा असे आम्ही सुचवीत नाही. पण त्याच राज्याने आदिवासी बांधवांना स्वतःपुरती मोहाची दारू करण्याची मुभा दिली आहे, आणि 2022 पासून अलीराजपूर, दिंडोरी येथल्या आदिवासी बचत गटांना ती वारसा-मद्य म्हणून बाजारात आणण्यास उत्तेजनही दिले आहे. म्हणजे घरगुती कसब आणि विषारी धंदा यांत फरक करता येतो, हे सरकारला मान्य आहे. पुणे, बंगळूर, गुडगाव येथे गेल्या दीड दशकात ब्रू-पब निघाले. तेथे बिअर करणाऱ्यांना शिकण्याची जागा मिळाली. गाळण्याला बंदी, विक्रीला बंदी, आंबवण्याला मोजकी मुभा, अशी मर्यादा आखता येईल काय, याचा विचार विधानसभेने एकदा उघडपणे करावा. निर्णय नकाराचा झाला तरी चालेल. पण तो कुजबुजीने होऊ नये.

आणि कायद्याची वाट न पाहता आपल्याला करता येईल असे एक काम आहे. होळीच्या सुमारास आपल्या घरांतून गाजराची कांजी होते. ती आपण या मुलखाकडून शिकलो; काळी गाजरे, मोहरीची पूड, मीठ, पाणी आणि चार-पाच दिवसांचे ऊन. आंबील आपण दक्षिणेतून बरोबर आणली. दोन्ही आंबवणीच, आणि दोन्ही आता घरोघर विसरत चालल्या आहेत. कोणाची कांजी बुरसते, कोणाची नुसतीच खारट होते, आणि विचारायला आजी उरली नाही. येत्या होळीला एखाद्या रविवारी दहा घरांनी आपापली बरणी एके ठिकाणी आणावी. बरणीवर नाव नको, अंक असावा. वासाला, रूपाला, चवीला गुण द्यावेत आणि ज्याची बिघडली असेल त्याला ती का बिघडली हे तोंडावर सांगावे. आमची स्वतःची गेल्या वर्षी बिघडली होती. का, ते अजून कळलेले नाही. आम्ही बरणी घेऊन येऊ.

परतीच्या आदल्या रात्री पुतण्याने विचारले, "काका, बाबांना सांगणार का?" आम्ही म्हटले, "सांगणार. लोण्याचा वास येत होता, हेसुद्धा सांगणार." तो हसला. घरी आल्यावर बंधूंना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्या चुलत काकांचे नाव घेतले. आम्हां दोघांत ते नाव निघाले, त्याला चाळीस वर्षे तरी झाली असतील.