एकटीची रणजी, तर्रीसकट

रात्री साडेबाराला फोन वाजला की आपण आधी घाबरतो. मग स्क्रीनवर नाव बघतो आणि चिडतो. माझंही तेच झालं. सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. फोन शिकागोहून होता. सिंदीच्या शाळेत जिच्या डब्यातलं लोणचं मी रोज पळवायचे, तीच ही मैत्रीण. आठ वर्षं झाली तिला तिकडे जाऊन, पण बोलणं मात्र अस्सल वर्ध्याचंच राहिलंय.

"अगं, मॅच पाहून राहिली मी. बेसबॉल. एकटीच आली."

मागे हजारो लोकांचा गलका. तिच्याकडे भर दुपार होती. रिग्ली फील्ड या स्टेडियममध्ये ती बसली होती. १९१४ पासूनचं मैदान, मागच्या भिंतीवर वेल चढलेला. इथे १९८८ पर्यंत दिवे नव्हते म्हणून मॅच दिवसाच व्हायच्या. ऑफिसमधून अर्धी रजा टाकायची, रेड लाईनची ट्रेन पकडून अ‍ॅडिसन स्टेशनला उतरायचं आणि समोरच्या गेटमधून आत शिरायचं. हातात हॉट डॉग. त्यात मोहरीची चटणी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी, वरून मिरच्या. आणि केचप? नावही काढायचं नाही! शिकागोवाल्यांसाठी तो गुन्हा आहे म्हणे. सातव्या डावाच्या मध्यात सगळं स्टेडियम उभं राहतं, हातपाय मोकळे करतं आणि एकत्र गाणं म्हणतं.

"तेवढ्या वेळ एकटं वाटत नाही न," ती म्हणाली. आणि मग बॉम्ब टाकला. "तू जामठ्याले गेली का कधी? एकटी?"

नव्हते गेले. नागपूर-वर्धा रेल्वेमार्गावरच्या सिंदीत वाढलेली मी, आणि जामठ्याचं स्टेडियम वर्धा रोडवर, म्हणजे आमच्या नागपूरच्या वाटेवर. हजारदा बाहेरून बघितलं असेल. आत एकदाही नाही. मॅचला जायचं तर ग्रुप पाहिजे, आणि ग्रुपचं कधी जमत नाही. (तुमच्या गोव्याच्या प्लॅनचं काय झालं? तेच ते!)

तर मंडळी, विदर्भ रणजीच्या फायनलला पोचला आणि फायनल जामठ्यालाच ठरली. २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५, समोर केरळ. मी बॅग भरली.

खरं सांगू? कारण फक्त मॅच नव्हतं. माझ्या मेलमध्ये हैदराबादच्या एका नोकरीची ऑफर पडली होती. उत्तर द्यायचं होतं सोमवारी, ३ मार्चला. फ्रीलान्सिंगमध्ये चेकची वाट बघण्यात निम्मं आयुष्य जातं. इथे महिन्याच्या महिन्याला पगार होता. मग अडचण काय? अडचण अशी की दोनच वर्षांपूर्वी आई-बाबा सिंदीचं बिऱ्हाड आवरून पुण्यात आले, कारण मी पुण्यात आहे. आता त्यांना पुण्यात ठेवून मी हैदराबादला जाऊ? घरी एक अक्षर बोलले नव्हते. डोकं शांत करायला पाच दिवसांचं क्रिकेट बरं, असा माझा फंडा.

बुधवारी दुपारी सिंदीला उतरले. तिकिटावर नाव येतं नुसतं सिंदी, पण कागदोपत्री आमचं गाव 'सिंदी (रेल्वे)'. कारण वर्ध्याला खेटून एक 'सिंदी (मेघे)' आहे, तिची आणि आमची गल्लत नको. कंसात रेल्वे असलेलं गाव! तान्हा पोळ्याला इथे लाकडाचे अवाढव्य नंदी रस्त्यावर निघतात, तेव्हा बाहेरगावचे लोक मुद्दाम येतात. एरवी बहुतेक गाड्यांसाठी आम्ही खिडकीतून दिसणारी एक पाटी.

माझा प्लॅन जबरदस्त होता. स्टेशनबाहेर तर्री पोहे, संध्याकाळी आलूबोंडा-रस्सा, रात्री सावजी. एका दिवसात सगळं. आणि मोठ्या आईच्या दारात पाय ठेवते न ठेवते तोच ती म्हणाली, "आज उपास आहे न तुहा?"

महाशिवरात्र! क्रिकेट बोर्डाचं वेळापत्रक पाठ, पंचांग साफ विसरले. मग काय, साबुदाण्याची उसळ आणि रताळ्याचा कीस. पुणेकरांनी दचकू नये, ज्याला तुम्ही साबुदाण्याची खिचडी म्हणता तिला आमच्याकडे उसळ म्हणतात. पहिला दिवस टीव्हीवर. विदर्भ ३ बाद २४ वरून सावरला तो दानिश मालेवार आणि करुण नायरमुळे. दोघांची २१५ धावांची भागीदारी, मग नायर ८६ वर रन आऊट. मोठी आई म्हणाली, "कायले पळाला तो?" पाच शब्दांचा एक्स्पर्ट रिव्ह्यू नव्हे, तीनच.

गुरुवारी सकाळी मात्र उपास सुटला! स्टेशनरोडवर ठेल्यावर पोहे. त्यावर हरभऱ्याची लालबुंद तर्री, बारीक कांदा, लिंबू. इथे पहिला सोलो धडा. टेबल, मेन्यूकार्ड आणि 'मॅडम, कितने लोग?' असलं काही नसलं की एकटं खाणं अजिबात अवघड नाही. ठेल्यावर सगळेच एकटे उभे असतात, प्लेटमध्ये डोकं घालून.

मग पॅसेंजर. याच गाडीने बाबांनी तीस वर्षं नागपूरला अपडाऊन केलं. डब्यात आजही तेच चेहरे वाटतात, फक्त पत्त्यांच्या जागी मोबाईल आलेत. बुटीबोरीला उतरून हायवेवर आले, नागपूरकडे जाणारी बस पकडली आणि जामठ्याला उतरले.

पंचेचाळीस हजारांचं स्टेडियम आणि रणजीचा प्रेक्षक. म्हणजे हवी ती खुर्ची घ्या, शेजारच्या खुर्चीवर बॅग ठेवा, तिच्या शेजारच्या खुर्चीवर पाय. माझ्या रांगेत दोन कॉलेजची पोरं, एक निवृत्त काका आणि मी. तासाभरात काकांनी मला अर्धं संत्रं दिलं. मृग बहाराचे दिवस होते, गोड होतं. त्यानंतर मी अधिकृतपणे त्यांच्या ग्रुपमध्ये.

मालेवार १५३ वर गेला, विदर्भ ३७९ ला आटोपला. दर्शन नळकांडेने केरळचे दोन्ही सलामीवीर १४ धावांत उडवले. पोरं उड्या मारत होती. आणि पॅड बांधून मैदानात होता आदित्य सरवटे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सरवटे नागपूरचा पोरगा. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच मैदानावर, याच फायनलमध्ये त्याने सौराष्ट्राच्या अकरा विकेट काढल्या होत्या. चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच घरी पाठवलं. विदर्भ ७८ धावांनी जिंकला, सामनावीर सरवटे. आणि २०२४-२५ च्या मोसमात तो केरळकडे गेला. सेमीफायनलमध्ये गुजरातविरुद्ध केरळला फक्त दोन धावांची आघाडी मिळाली. शेवटचा चेंडू फलंदाजाने जोरात मारला, तो शॉर्टलेगच्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने झेलला. तो चेंडू टाकणारा? सरवटेच. केरळ इतिहासात पहिल्यांदा रणजी फायनलला आला आणि फायनल नेमकी सरवटेच्या घरी!

गुरुवारी तो ६६ वर नाबाद परतला. आमच्या रांगेत कोणाला काय करावं कळेना. चौकार गेला की हात अर्धवट वर यायचे आणि मग आठवायचं, अरे, हा तर त्यांचा.

शुक्रवारी मी साडेनऊच्या आधीच जागेवर होते. ७९ वर हर्ष दुबेने त्याला काढलं, झेल मालेवारचा. आम्ही सगळे ओरडलो. मग तो पॅव्हेलियनकडे निघाला आणि काका उभे राहिले. पोरंही उठली. मी पण. टाळ्या विकेटच्या होत्या की त्याच्या, मला विचारू नका.

लंचला चाळीस मिनिटं असतात. तेवढ्यात बाहेर पडून रोडवरचं एक सावजी भोजनालय गाठलं. आत सगळे पुरुष, एक मी. मालकाने कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं, "बसा ताई" म्हणाला, विषय संपला. एक प्लेट मटण, पोळी, कांदा, लिंबू. सावजी म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. काळा मसाला, वर तेलाची तर्री, आणि तिखट असं की पहिल्या घासाला नाक, दुसऱ्याला डोळे, तिसऱ्याला कान. मी डोळे पुसत, नाक ओढत, पण न थांबता जेवत होते. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी माझ्या गळ्यातला विदर्भाचा स्कार्फ बघितला, माझे डोळे बघितले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "सरवटेसाठी रडू नको बाई. गेला तरी आपलाच आहे न तो."

मी इतकी हसले की ठसकाच लागला. पाण्याचा तांब्या संपला. पण वाक्य डोक्यात बसलं.

दुपारी सचिन बेबी ९८ वर बाद झाला, शतकाला फक्त दोन कमी. झेल कोणाचा? करुण नायरचा. आणि नायर कोण? कर्नाटकाचा. २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ करणारा. पुढे भारतीय संघातून बाहेर, मग कर्नाटकाच्याही. २०२३ मध्ये त्याने विदर्भ गाठला. म्हणजे मैदानावर चित्र असं की घरचा पोरगा पाहुण्यांकडून आणि पाहुणा घरच्यांकडून खेळतोय. दोघंही जीव तोडून. केरळ ३४२ ला संपला, विदर्भाला ३७ ची आघाडी. त्याच दिवशी हर्ष दुबेने मोसमातली ६९ वी विकेट घेतली आणि २०१८-१९ चा आशुतोष अमनचा ६८ चा विक्रम मोडला.

रात्री मोठी आई सांभारवडी तळत होती. (सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात भाजीवाल्याला सांभार मागून बघा, तो उडप्याकडे पाठवेल.) मी तिला सगळं सांगून टाकलं. ऑफर, सोमवार, आई-बाबा.

तिने झारा खाली ठेवला नाही. "तुहे मायबाप पुण्याले गेले ते त्यायनं ठरवलं. तू या म्हणून पत्रिका दिली होती का? आता तुले जायचं असन तर त्यायले सांग. लपवून कायले ठेवते? ते का लहान आहेत?" मग प्लेट पुढे सरकवली. "खाऊन घे, थंडी होऊन राहिली."

शनिवारी नायरने शतक ठोकलं आणि नऊ बोटं वर केली, मोसमातलं नववं शतक म्हणून. मी वर्ध्याला होते, गोरसपाकाच्या दुकानात. गोसेवेच्या गांधीवादी कामातून उभ्या राहिलेल्या गोरस भांडाराचं हे तुपातलं खुसखुशीत बिस्कीट वर्धेकर जगभर वाहून नेतात. चार पाकिटं घेतली आणि रात्रीची पुण्याची गाडी पकडली.

रविवारी दुपारी पुण्यात, बाबांच्या शेजारी सोफ्यावर. विदर्भ ९ बाद ३७५, सामना अनिर्णित, पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भ चॅम्पियन. तिसऱ्यांदा! बाबांनी गोरसपाक चहात बुडवला आणि तेवढ्यात मी बोलून टाकलं.

बिस्किटाचा अर्धा तुकडा कपात पडला. बराच वेळ ते चमच्याने तो शोधत राहिले. आई दारात उभी होती. मग बाबा म्हणाले, "सांगायला जामठ्यापर्यंत जावं लागलं तुला?" आवाज नेहमीचा नव्हता. थोड्या वेळाने आईने विचारलं, तिकडे ज्वारी मिळते का. म्हणजे समजा परवानगी मिळाली. पण रात्री बाबा जेवताना गप्प होते, आणि ते 'ऑल द बेस्ट'ने भरून निघत नाही. सोमवारी मी होकार पाठवला.

आता हे लिहितेय तेव्हा नायरही घरी परतलाय. २०२५-२६ च्या मोसमासाठी त्याने पुन्हा कर्नाटक गाठलं. शिकागोला मी हे सगळं कळवलं. तिचा प्रश्न एकच, "सावजीवर केचप मागितला नाही न?"

जाणार असाल तर: रणजीचा मोसम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च. नागपुरातून मेट्रोने खापरीपर्यंत या, तिथून ऑटो. टोपी आणि मोठा रुमाल हवाच, पहिला उन्हासाठी, दुसरा सावजीसाठी. शेजारच्याने संत्रं दिलं तर नाही म्हणू नका. आणि निघण्याआधी पंचांग बघा!