विश्लेषण : ट्रस्टचा मानद सचिव ‘फक्त सह्या’च करतो का?

‘तुम्ही आता रिटायर झालात, वेळ आहे तुमच्याकडे. फक्त सह्या करायच्या, बाकी सगळं आम्ही बघतो.’ मंदिर असो, वाचनालय असो की वसतिगृह, छोट्या ट्रस्टचा मानद सचिव बहुतेक वेळा याच वाक्याने नेमला जातो. हल्ली तरुणांसाठी त्याची दुसरी आवृत्तीही निघाली आहे : ‘तुला कॉम्प्युटर येतो ना, मग झालं!’ एका वाचनालयाच्या ट्रस्टचे सचिवपद सहा वर्षे सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या वाक्यावर लगेच होकार देऊ नये. नकारही देऊ नये. आधी दोन कागद बघायला मागावेत.

कोणते दोन कागद?

पहिला, धर्मादाय कार्यालयातील ‘परिशिष्ट १’चा ताजा उतारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टचा हा जणू सातबारा. विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, नवे विश्वस्त कोणत्या पद्धतीने येणार, हे त्यात असते. यातली कोणतीही नोंद बदलली, की कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. प्रत्यक्षात काय होते? निवडणूक होते, हार घातले जातात, स्थानिक वर्तमानपत्रात फोटो येतो आणि अर्ज मात्र राहून जातो. तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक, पुन्हा हार.

मी उतारा काढला तेव्हा त्यावर सात नावे होती. त्यातले चौघे हयात नव्हते. ज्यांनी मला सचिव नेमले, त्यांच्यापैकी दोघांची नावेच त्यात नव्हती. बँकेने सह्यांचे अधिकार बदलण्यासाठी हाच उतारा मागितला आणि ग्रंथपालांचा पगार दोन महिने अडकला. पैसे खात्यात होते, कोणी खाल्ले नव्हते. चेकवर सही करायला कायद्याच्या नजरेत माणूस उरला नव्हता, एवढेच.

उशिरा अर्ज करायचा तर विलंब माफीचा वेगळा अर्ज. सोबत सभेची नोटीस, ती सर्वांना पोहोचल्याचा पुरावा, ठरावाची प्रत, नव्यांचे संमतिपत्र, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले. दहा वर्षांपूर्वीच्या सभेची नोटीस पोहोचल्याचा पुरावा आज कुठून आणायचा? आणि आधीचाच बदल मंजूर नसेल, तर त्या मंडळींनी पुढे घेतलेल्या निवडणुकीवर कोणीही बोट ठेवू शकतो. छोटे ट्रस्ट अफरातफरीने बुडतात, असा आपला समज असतो. मी पाहिलेले बहुतेक ट्रस्ट या साखळीत अडकून थंडावले.

दुसरा कागद?

इतिवृत्ताचे पुस्तक, म्हणजेच प्रोसिडिंग बुक. मागची तीन वर्षे वाचून काढावीत. त्यात जर प्रत्येक विषयाखाली ‘साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढेच असेल, तर सावध व्हावे. मराठी इतिवृत्तातले हे सर्वात लाडके वाक्य आहे आणि सर्वात निरुपयोगीही. समजा, विषय छताच्या दुरुस्तीचा आहे. किती रकमेपर्यंत मंजुरी दिली? कोणाकोणाची दरपत्रके आली होती? चेकवर सह्या कोण करणार? कंत्राटदार एखाद्या विश्वस्ताचा भाचा असेल, तर ते सभेत सांगितले गेले का, आणि तो विश्वस्त निर्णयापासून बाजूला राहिला का? याची उत्तरे त्या पानावर नसतील, तर पाच वर्षांनी ती कोणाच्याच आठवणीत नसतात. मग उत्तर द्यायला सही करणारा उरतो.

विरोध नोंदवायला आपल्याकडे फार संकोच. ‘कशाला कटुता, सर्वानुमते लिहा.’ सचिवाने या एका बाबतीत निगरगट्ट व्हावे, असे मला वाटते. ज्याने विरोध केला त्याचे नाव आणि कारण दोन ओळींत लिहावे, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करून घ्यावे. हिशेब तपासनीसही आपल्या अहवालात विचारतो की सभा नियमित झाल्या का, इतिवृत्ताची पुस्तके ठेवली आहेत का, विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणे आहे का. म्हणजे लेखापरीक्षणाचा एक तुकडा आकड्यांचा नसून सचिवाच्या वहीचा असतो.

पगार नाही, मग जबाबदारी कशी?

कायदा पगार बघत नाही. ‘विश्वस्त’ या शब्दाच्या व्याख्येत ट्रस्टचा ‘व्यवस्थापक’ही येतो, आणि १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचे अख्खे नियामक मंडळ व्यवस्थापक धरले जाते. म्हणजे ‘मी नुसता सचिव, निर्णय त्यांचे’ हा बचाव फार टिकत नाही. हिशेब वारंवार सादर न करणाऱ्या विश्वस्तांना निलंबित करण्याचा, काढून टाकण्याचाही अधिकार कलम ४१ ड खाली धर्मादाय आयुक्तांना आहे. जागा विकायची किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची, तर कलम ३६ नुसार आधी परवानगी लागते. हे सभेत आठवण करून देणारा माणूस बहुधा एकटा सचिवच असतो. आयकर सवलतीच्या नोंदण्या आणि त्यांचे नूतनीकरण आहेच. त्यासाठी चांगला सीए गाठावा, स्वतः शहाणपणा करू नये.

एवढे सांगितले तर स्वयंसेवक मिळणारच नाहीत, असे विश्वस्त म्हणतात. मला ते पटत नाही. कामामुळे माणूस पळत नाही, फसवणुकीमुळे पळतो. जुनी थकबाकी आधी सांगा, टायपिंग आणि फेऱ्यांसाठी अर्धवेळ लिपिक द्या, प्रवासखर्च मागायला लावू नका, मुदत तीन वर्षांची ठेवा. वर्षाला लाखभर रुपये सत्कार आणि स्मरणिकेवर घालवणाऱ्या ट्रस्टला लिपिक परवडत नाही, हे ऐकून घेण्याची सक्ती कोणावर नाही.

आपल्याकडे या पदाला तसा मोठा वारसा आहे. पुण्यातील सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली, ती पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींच्या निमित्ताने. ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले गेलेले गणेश वासुदेव जोशी हे तिचे चिटणीस. देवस्थानाच्या हिशेबाबद्दल प्रश्न विचारता विचारता एका प्रांताचे राजकारण उभे राहिले. आज त्याच शहरात सचिवाने हिशेब विचारला, की ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?’ असे विचारले जाते.

आमच्या वाचनालयाचे सगळे बदल नोंदवून घ्यायला चार वर्षे गेली. पद सोडताना माझ्यानंतरच्या सचिवांना, एका बँकेत नोकरी करणाऱ्या ताईंना, मी परिशिष्टाचा ताजा उतारा, दोन वह्या, शिक्का आणि कपाटाची किल्ली दिली. एक प्रकरण अजून प्रलंबित होते, त्याचा क्रमांक आणि पुढची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिली. त्यांनी होकार देण्याआधी ते पान दोनदा वाचले.