गळा पाहून तंबोरा, बोट पाहून इंजिन

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला गेलात, तर पहिला प्रश्न असतो, 'गाणार कोण?' पुरुषी आवाजाला मोठा तंबोरा लागतो, बायकी आवाजाला लहान. सगळ्यांत मोठा तोच सगळ्यांत चांगला, हा हिशेब तिथं चालत नाही!

आज मिरजेतच राहू, पण गल्लीतून कृष्णा घाटावर जाऊ. ऑगस्ट २०१९मध्ये याच कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर! रस्त्यांवरून रबरी बोटी फिरू लागल्या. हवा भरून फुगवायच्या या बोटींच्या मागच्या फळीला बाहेरून इंजिन अडकवतात. समजा, तुमच्या गावच्या बोटीसाठी असं इंजिन निवडायचं काम तुमच्यावरच आलं. कोणतं घ्याल?

'सगळ्यांत ताकदवान!' म्हणालात ना? थांबा जरा. आधी बोटीवरची पाटी वाचा. जास्तीत जास्त किती अश्वशक्तीचं इंजिन, किती माणसं, किती वजन, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. दहाएक अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे ४० किलो भरतं. त्याहून फार जड इंजिन लावलं, की बोट मागं दबते, तिचं नाक वर उठतं आणि तोल जातो.

मग अगदी लहान घ्यावं? तेही नको. बोटीचा वेग ताशी ८ किलोमीटर आणि समोरून येणारा प्रवाह ताशी १० किलोमीटर असेल तर? इंजिन घरघरत राहील आणि बोट ताशी २ किलोमीटरनं मागं जाईल! म्हणून ताकद पाटीवरच्या मर्यादेत हवी, पण प्रवाहाला पुरून उरणारी हवी.

आता फूटपट्टी घ्या. बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजा. ती १५ इंच असेल तर आखूड दांड्याचं इंजिन लागतं, २० इंच असेल तर लांब दांड्याचं. दांडा आखूड पडला, तर पंखा पाण्याऐवजी हवाच घुसळतो. आवाज मोठा, पण बोट जागची हलत नाही. लांब पडला, तर पाण्याखालच्या कुंपणाला, पायऱ्यांना आपटतो. गल्लीतल्या पुरात असं आपटणं नेहमीचंच. म्हणून इंजिन पटकन वर उचलता यायला हवं. काही लहान इंजिनांच्या पंख्यात एक छोटी पिन असते. पंखा कशात अडकला की ती मोडते आणि आतले दाते वाचतात. म्हणजे ही पिन मोडण्यासाठीच बनवलेली, बरं का! चालकानं जादा पिना खिशात ठेवायच्या.

बटणावर चालू होणारं इंजिन छानच. पण दोरी ओढून चालू करायची सोयही हवी, कारण भिजलेली बॅटरी ऐन वेळी दगा देते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. चालकाच्या मनगटाला अडकवायची एक दोरी इंजिनाला जोडलेली असते. चालक पाण्यात पडला तर ती निसटते आणि इंजिन लगेच बंद पडतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर यायची! पंख्याभोवती जाळीचं कडं असलेलं बरं. पाण्यातला माणूस वर घेताना तर पंखा थांबलेलाच हवा.

इतकं सगळं पाहून इंजिन घेतलं, तरी एक गोष्ट कुठलंच इंजिन करू शकत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. तिच्यात झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. मागं पाणी चढत असताना 'पुढच्या फेरीत येतो' म्हणणं किती अवघड असेल, विचार करा. पण पाटीवरचा माणसांचा आकडा भरला, की थांबायलाच हवं.

म्हणून कधी अशा बोटीत बसायची वेळ आली, तर जॅकेट घाला, खाली बसा, सगळे एका बाजूला सरकू नका आणि पंख्यापासून लांब राहा. आणि चढण्याआधी माणसं मोजा. ते काम तुमच्याइतकं चटकन कोण करणार?